दानाची नवी वाट : वसतिगृहापासून उद्योजकता केंद्रापर्यंत

जैन समाजाच्या कोणत्याही संस्थेची स्मरणिका उघडली की तीत दात्यांची नामावली असतेच. मंदिर, स्थानक, उपाश्रय, धर्मशाळा, भोजनशाळा, पांजरपोळ, दवाखाना आणि वसतिगृह ही त्या नामावलीतील परिचित ठिकाणे होत. गेल्या शतकात या यादीत एका नव्या ठिकाणाची भर पडली. व्यवस्थापनशास्त्र शिकवणाऱ्या संस्था आणि त्या संस्थांत चालणारे उद्योजक घडविण्याचे अभ्यासक्रम यांच्याकडेही दानाचा ओघ वळू लागला. हा ओघ कसा वळला, त्यातून काय साध्य झाले आणि निगडी-प्राधिकरणासारख्या कारखान्यांच्या शेजारी वसलेल्या समाजाने त्यातून काय घ्यावे, याचा विचार सुवर्णमहोत्सवी वर्षात करणे उचित ठरेल.

या विचाराला कसोटी हवी, आणि ती बाहेरून आणण्याची गरज नाही. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचा विचार आला आहे. उपकारासाठी आपल्या वस्तूवरील हक्क सोडणे म्हणजे दान, असा त्याचा आशय. दानाचे मोल विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींनी कमी-अधिक होते, असेही तेथे सांगितले आहे. यांपैकी द्रव्य सर्वांना दिसते, कारण त्याचा आकडा पाटीवर कोरता येतो. उरलेल्या तीन गोष्टी मात्र काळाच्या ओघातच पारखल्या जातात.

कारखान्यांच्या छायेतील वस्ती

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील निगडी हे एकेकाळी देहू-आळंदीच्या वाटेवरचे साधे गाव होते. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनीची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि या पट्ट्यातील माळरानांवर कारखान्यांचे भूखंड पडू लागले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. ते प्राधिकरण २०२१ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाले; तरीही निगडीच्या रहिवाशांच्या तोंडी ‘प्राधिकरण’ हेच नाव राहिले आहे.

या जडणघडणीत जैन कुटुंबांचा वाटा लहान नव्हता. अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) कुंदनमल फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया हे व्यवसायाने वकील आणि स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेले कार्यकर्ते. १९५८ साली जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या बजाज टेम्पो या उद्योगाचे ते एक शिल्पकार होते. हा उद्योग पुढे आकुर्डीला आला आणि २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखला जातो. मालवाहू गाडीला मराठी माणूस ‘टेम्पो’ म्हणतो, तो शब्द याच कंपनीच्या नावातून आलेला आहे. त्यांचे बंधू हस्तीमल फिरोदिया यांनी १९७२ साली ‘लूना’ बाजारात आणून सामान्य माणसाच्या दाराशी स्वयंचलित वाहन नेले.

मोठ्या कारखान्यांच्या भोवती लहान उद्योगांची वीण तयार झाली. कोणी लोखंड व हार्डवेअरचे दुकान घातले, कोणी दोन लेथ घेऊन भोसरीत शेड भाड्याने घेतली, तर कोणी कामगार वसाहतींत किराणा व कापडाचा व्यापार सुरू केला. पहिल्या पिढीने धंदा पेढीवर बसून शिकून घेतला. वडिलांच्या शेजारी बसणे, उधारी ओळखणे, माणूस पारखणे आणि रात्री रोजमेळ मिळवल्याशिवाय न उठणे, हीच त्या पिढीची व्यवस्थापनाची शाळा होती.

त्या शाळेला आज मर्यादा पडल्या आहेत. आकुर्डीच्या ज्या कारखान्यातून चेतक स्कूटर देशभर गेली, तेथील वाहननिर्मिती २००७ साली थांबली. त्याच आवारात २०२२ साली विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. नाव तेच राहिले, तरी आतले यंत्र बदलले. विजेच्या गाडीला पिस्टन लागत नाही, कार्ब्युरेटर लागत नाही, सायलेन्सरही लागत नाही. चाकणपासून भोसरीपर्यंत ज्या कुटुंबांचे वर्कशॉप अशा एखाद्याच सुट्या भागावर उभे आहे, त्यांच्या मुलांना वडिलांचे कसब वारशाने मिळाले तरी त्या कसबाला गिऱ्हाईक मिळेलच याची शाश्वती उरलेली नाही. त्यांना नवी वस्तू, नवी बाजारपेठ आणि नवे भांडवल शोधावे लागणार आहे. उद्योजकतेच्या शिक्षणाचा प्रश्न या परिसरात घराघरांत येऊन ठेपला आहे, तो यामुळे.

वसतिगृहांचे पर्व

शिक्षणासाठी दान देण्याची आधुनिक परंपरा वसतिगृहांपासून सुरू झाली. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ठिकठिकाणी जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभारण्यास साहाय्य केले. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने सांगली-कोल्हापूर-बेळगाव भागात हेच कार्य पुढे नेले. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहण्याची व शुद्ध आहाराची सोय झाली, तर तो शिकेल, हे या दात्यांनी ओळखले होते.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या एका विद्यार्थ्याने या परंपरेला वेगळे वळण दिले. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील हे औपचारिक शिक्षणात फार पुढे गेले नाहीत. त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरती केली. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांच्या गाठीशी विक्रेत्याचा हा अनुभव होता. त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली आणि ‘कमवा आणि शिका’ या योजनेतून स्वतःच्या श्रमाने शिकली. दान घेणारा आयुष्यभर याचक राहू नये, हे तत्त्व येथे व्यवहारात उतरले. पुढे उद्योजकतेच्या शिक्षणाला याच तत्त्वाची सर्वाधिक गरज भासली.

पेढीपासून बिझनेस स्कूलपर्यंत

सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी यांनी १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि नंतर विमान, जहाज व मोटार या तिन्ही क्षेत्रांत भारतीय उद्योगाचा पाया घातला. १९५३ साली त्यांचे निधन झाले. सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची १९५५ साली व्यवस्थापन व अर्थव्यवस्था या दोन्ही अंगांनी पुनर्रचना झाली आणि त्याला वालचंद यांचे नाव देण्यात आले. चालू संस्थेला स्थैर्य देणे हे नवी इमारत बांधण्याइतकेच मोठे कार्य आहे, याचे हे उदाहरण होय.

अभियंता यंत्र घडवतो. परंतु कारखाना चालविण्याची विद्या निराळी आहे, ही जाणीव स्वातंत्र्यानंतर बळावली. १९६१ साली अहमदाबादला भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. केंद्र सरकार, गुजरात सरकार आणि उद्योगजगत यांनी ती मिळून उभी केली आणि अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलचे सहकार्य तिला लाभले. या कार्यात डॉ. विक्रम साराभाई आणि शेठ कस्तुरभाई लालभाई हे दोन जैन कुटुंबांतील पुरुष अग्रभागी होते. कस्तुरभाई हे आणंदजी कल्याणजी पेढीचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. राणकपूर व देलवाड्यासारख्या तीर्थांच्या जीर्णोद्धारात लक्ष घालणारा गृहस्थ आधुनिक व्यवस्थापन शिक्षणासाठीही तितक्याच निष्ठेने झटला. मंदिर की विद्यालय, असा वाद अनेक ठिकाणी रंगतो. कस्तुरभाईंच्या आयुष्यात मात्र ही दोन्ही कार्ये सोबतच चालली.

महाराष्ट्रात १९६५ साली मुंबई विद्यापीठाने बजाज परिवाराच्या देणगीतून आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था सुरू केली. आकुर्डीच्या स्कूटरवर झळकणारे नाव त्यामुळे चर्चगेटच्या विद्यामंदिरावरही आले. देणगी एका घराण्याची असली तरी प्रवेश गुणवत्तेवर आणि अभ्यासक्रम विद्यापीठाचा, ही व्यवस्था या संस्थेच्या लौकिकाला कारणीभूत ठरली.

पुढचा टप्पा १९८१ सालचा. साहू श्रेयांस प्रसाद जैन यांच्या नावाने भारतीय विद्या भवनाने अंधेरीत व्यवस्थापन संस्था सुरू केली. ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. श्रेयांस प्रसादजी राज्यसभेचे सदस्य होते आणि १९८८ साली पद्मभूषणने सन्मानित झाले. याच साहू जैन घराण्यातील शांतिप्रसादजींनी १९४४ साली भारतीय ज्ञानपीठाची स्थापना केली होती.

नोकरदार नव्हे, उद्योजक

आरंभीच्या व्यवस्थापन संस्थांतून प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांसाठी अधिकारी तयार झाले. उद्योजक घडविण्याचे शिक्षण मागाहून आले. हार्वर्डमध्ये नव्या उद्योगांच्या व्यवस्थापनाचा पहिला अभ्यासक्रम १९४७ साली सुरू झाला. महायुद्धावरून परतलेल्या आणि स्वतःचा धंदा उभारू पाहणाऱ्या तरुणांसमोर तेव्हा हा विषय मांडला गेला. भारतात १९८३ साली वित्तसंस्था व गुजरात सरकार यांच्या साहाय्याने अहमदाबादला उद्योजकता विकास संस्था स्थापन झाली, तर १९८८ साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झाले. उद्योजक जन्मावाच लागतो, ही समजूत या प्रयत्नांनी मोडून काढली.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अंधेरीच्या एस. पी. जैन संस्थेने कौटुंबिक उद्योगांतील मुलामुलींसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. त्याची रचना व्यापारी समाजाला जवळची वाटावी अशीच आहे. विद्यार्थी महिन्यातील एक आठवडा वर्गात असतो आणि उरलेले दिवस घरच्या धंद्यात घालवतो. वर्गात शिकलेले त्याने दुकानात करून पाहायचे आणि दुकानातली अडचण पुढच्या महिन्यात वर्गात मांडायची. पेढीवरच्या शिक्षणाला शास्त्राची जोड देण्याची ही रीत होय. ज्यांच्या घरी धंदा नाही, अशांसाठी ‘स्टार्ट युवर बिझनेस’ हा अभ्यासक्रमही याच संस्थेने राबवला.

पुढे दात्यांनी थेट उद्योजकता केंद्रांना द्रव्य देण्यास प्रारंभ केला. इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक असलेले एन. एस. राघवन यांच्या देणगीतून बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत त्यांच्या नावाचे केंद्र उभे राहिले. भरत देसाई व नीरजा सेठी या दांपत्याच्या देणगीतून २०१४ साली मुंबईच्या आयआयटीत उद्योजकता केंद्र सुरू झाले आणि पुढे त्याचे उद्योजकतेच्या स्वतंत्र विद्यालयात रूपांतर झाले. या दांपत्याने १९८० साली अमेरिकेत सुरू केलेल्या सिंटेल कंपनीचे मोठे संकुल निगडीला लागून असलेल्या तळवड्यात उभे राहिले होते. येथील शेकडो घरांतील तरुणांना रोज ज्या फाटकातून आत जाताना लोकांनी पाहिले, त्या उद्योगातून मिळालेल्या संपत्तीचा एक अंश नवे उद्योजक घडविण्याकडे गेला.

कायद्यानेही या दानाला वाट दिली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू झाली. त्या कार्यांच्या यादीत शिक्षणाबरोबरच इन्क्युबेटरचाही समावेश झाला. नव्या उद्योगाला जागा, यंत्रे आणि सल्ला पुरवणारे केंद्र म्हणजे इन्क्युबेटर. अर्थात कोणत्याही केंद्राला ही सवलत मिळत नाही. सरकारने ठरविलेल्या अटींत ते बसावे लागते. जैन समाजापुरते बोलायचे तर जितो या संघटनेने २०१७ साली नवउद्योगांना मार्गदर्शन व भांडवल मिळवून देण्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान उभारले.

चार कसोट्या

आता आरंभी सांगितलेल्या चार कसोट्यांकडे वळू. पहिली कसोटी विधीची. विशेषतः श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत देवद्रव्य हे देवकार्याखेरीज अन्यत्र वापरता येत नाही आणि ज्ञानद्रव्यही रूढ मर्यादेनुसार धार्मिक ज्ञानासाठीच राखले जाते. सार्वजनिक विश्वस्त कायद्यानेही निधीचा वापर न्यासाच्या उद्दिष्टांना धरूनच करावा लागतो. त्यामुळे उद्योजकतेच्या शिक्षणासाठी द्यावयाचे दान हे त्याच हेतूने, स्वतंत्र निधीत गोळा केलेले असले पाहिजे. ही अडचण मानण्याचे कारण नाही. प्रत्येक पै ज्या हेतूने आली त्याच हेतूने खर्च होते, या विश्वासावरच समाजाच्या संस्था पन्नास पन्नास वर्षे टिकतात.

दुसरी कसोटी द्रव्याची. द्रव्य म्हणजे केवळ रोकड नव्हे. वार्षिक स्नेहसंमेलनाचा मंडप, स्पर्धेची ढाल आणि मागे लावलेला फलक यांवर खर्च झालेले प्रायोजकत्व दुसऱ्या दिवशी विरून जाते. तेवढ्याच रकमेत एखाद्या विद्यार्थ्याचे शुल्क भागते, किंवा एखाद्या नव्या वस्तूचा पहिला नमुना तयार होतो. कारखानदाराने आपल्या शेडमधील यंत्र आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्यांना वापरू दिले, सनदी लेखापालाने त्यांची पहिली ताळेबंदपत्रके तपासून दिली, व्यापाऱ्याने पहिली खरेदी नोंदवली, तर तेही द्रव्यच आहे. नव्या उद्योजकाला पहिल्या गिऱ्हाइकाचे मोल कधीकधी भांडवलापेक्षाही अधिक असते.

तिसरी कसोटी दात्याची. ज्या संस्था टिकल्या, तेथे दात्याने दिल्यानंतर हात मोकळा सोडला. निवड शिक्षकांनी केली, हिशेब लेखापरीक्षकांनी तपासला आणि दाता वर्षातून एकदा अहवाल मागत राहिला. आपल्या नात्यातील मुलाला प्रवेश, आपल्या व्यवसायाला जाहिरात, ही अपेक्षा मनात धरून दिलेली रक्कम म्हणजे हक्क सोडणे नव्हे. शास्त्राच्या अर्थाने ती दान ठरत नाही, तो व्यवहार होतो.

चौथी आणि सर्वांत अवघड कसोटी पात्राची. साधर्मिक बंधूला हात देणे हे श्रावकाचे कर्तव्यच आहे आणि समाजातील गरजू मुलाला प्राधान्य देण्यात गैर काही नाही. तरीही कर्मवीरांच्या वसतिगृहाचा आणि श्रेयांस प्रसादजींच्या नावाच्या संस्थेचा दरवाजा सर्वांना खुला राहिला, हे विसरता येत नाही. भोसरीच्या शेडमध्ये मालकाचा मुलगा आणि फिटरचा मुलगा दोघेही सारखेच होतकरू असू शकतात. मुलीही तितक्याच होतकरू असतात. फिरोदिया घराण्यातील सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले आणि त्यांच्या कायनेटिक ग्रीन कंपनीने २०२४ साली विजेवर चालणारी लूना बाजारात आणली. आजोबांची वस्तू नातीने नव्या रूपात उभी केली. ज्या घरात मुलीला दुकानाच्या गल्ल्यावरही बसवले जात नाही, त्या घराने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

एक गोष्ट मात्र दात्यांनी आधीच मान्य करावी. मंदिराला दिलेला दगड मंदिरात दिसतो. उद्योजकाला दिलेले साहाय्य कधी यशस्वी होते, कधी बुडते. दहा तरुणांना हात दिला तर दहाही कारखाने उभे राहणार नाहीत. प्रामाणिक प्रयत्न करून अपयशी ठरलेल्या तरुणाला समाजात मान खाली घालून वावरावे लागले, तर पुढचा तरुण धाडस करणार नाही. क्षमापनेचे पर्व पाळणाऱ्या समाजाला हे औदार्य जड जाऊ नये.

पुढील पन्नास वर्षे

व्यापार कसा करावा यापेक्षा कोणता करू नये याचाही विचार जैन परंपरेने केला आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी आणि परिग्रहाला मर्यादा घालणारे अणुव्रत हे त्याचेच दाखले. आज बिझनेस स्कूलमध्ये व्यवसायनीती हा स्वतंत्र विषय शिकवला जातो. त्यासाठी समाजातील अनुभवी व्यापाऱ्यांनी व अभ्यासू श्रावक-श्राविकांनी वर्गात जाऊन बोलणे, हेही एक ज्ञानदान ठरेल. निगडी, आकुर्डी, चिंचवड या परिसरात व्यवस्थापनशास्त्राच्या अनेक संस्था आहेत. चिंचवडला ऑटो क्लस्टरसारखे सामायिक सुविधांचे केंद्रही आहे. दाता आणि विद्यार्थी यांच्यात येथे फार तर अर्ध्या तासाचे अंतर आहे.

निगडीच्या चौकात छत्रपती शिवाजी महाराज आणि संत तुकाराम महाराज यांच्या भेटीचे भक्ती-शक्ती शिल्प उभे आहे. रोज त्याच्या शेजारून कामगारांच्या बसगाड्या चाकण-तळवड्याकडे जातात. त्या गाड्यांत बसलेल्या तरुणांपैकी काहींच्या मनात स्वतःचा उद्योग उभारण्याचा संकल्प असेल. गेल्या पन्नास वर्षांत समाजाने श्रद्धेची ठिकाणे निष्ठेने उभारली. पुढील पन्नास वर्षांच्या नामावलीत अशा एखाद्या तरुणाच्या पहिल्या यंत्राची, एखाद्या विद्यार्थिनीच्या शुल्काची आणि एखाद्या वडीलधाऱ्याने दिलेल्या वेळेची नोंद व्हावी. आज हात घेणारा उद्या हात देणारा झाला, की हे दान पूर्णत्वास जाईल.

॥ जय जिनेंद्र ॥